मुलींचा तक्ता पुन्हा उभा करायचाय, जरा हात द्या

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. कमिटीची मीटिंग आत्ता संपली आणि मेसेज आजच जायला हवा असं ठरलं.

आपला जनगणनेचा कापडी तक्ता तुम्हा सगळ्यांना माहितीय. १९९१ चे आकडे आले तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी मांजरपाटावर हाताने रंगवलेला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, १९०१ ला ९७२, मधे एकदोनदा किंचित वर, बाकी उतरतच १९९१ ला ९२७. सरांनी मजुरी तर घेतली नाहीच, रंगही स्वतःच्या पैशाने आणले, आणि कापड दिलं आपल्या टेलरकाकांनी, तेही न सांगता घरी आणून ठेवलं. २००१ चा ९३३ चा पट्टा काकूंनी शिवला, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. ही माणसं होती म्हणून मंडळ उभं आहे, त्यांचं नाव निघालं की अजून भरून येतं.

२०११ ला एकूण आकडा ९४३ झाला आणि सगळे खूश झाले, तेव्हा भूगोलाच्या बाईंनी हट्ट धरला की शेजारी दुसरी रांग लावायचीच, ० ते ६ वयाच्या मुलींची. १९९१ ला ९४५, २००१ ला ९२७, २०११ ला ९१९. बघणारे गप्पच झाले. बायका आता जास्त वर्षं जगतात, बाळंतपणात दगावणं कमी झालं, म्हणून एकूण आकडा वर गेला, पण पाळण्यातल्या मुली त्याच वेळी कमी होत होत्या, सोनोग्राफीने काय केलं ते तिथे दिसतं. गर्भलिंग तपासणीवर कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ ला, देशाचा १९९४ ला आला, याचा अभिमान आहेच, पण तरी आपल्याच राज्यात १९९१ चे ९४६ २०११ ला ८९४ वर आले हे कसं विसरायचं?

आता घाई का, तर "बायका पुरुषांपेक्षा जास्त झाल्या" असे फॉरवर्ड आपल्याच ग्रुपवर फिरतायत. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १०२० आलं हे खरं, पण तो निवडक घरांचा सर्व्हे, जनगणना नव्हे, आणि त्याच सर्व्हेत आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुली हजार मुलग्यांमागे ९२९ आहेत. निसर्गतः साधारण ९५० असतात. हे फॉरवर्ड करणारा कुणी सांगत नाही. आणि नुसता आकडा मोठा असणं म्हणजे सगळं छान असंही नाही, रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला स्त्रिया हजारावर होत्या कारण पुरुष कामाला मुंबईला गेलेले, बाई हे प्रत्येक शाळेत समजावून सांगतात.

गेल्या पावसाळ्यात तक्ता भिजला, २००१ नंतरचा भाग गेलाच. तेव्हाही आवाहन केलं होतं, अंगठे भरपूर आले, प्रत्यक्ष आले सात जण. बोलायचं नव्हतं पण वाईट वाटलं. त्या सात जणांनी रात्रभर पंख्याखाली कापड वाळवलं म्हणून जुना भाग तरी वाचला.

जनगणना २०२७ ला आहे, त्याआधी नवीन तक्ता शाळाशाळांत फिरायला हवा, शेवटचा रकाना त्या आकड्यासाठी मोकळा ठेवणार आहोत. कापड, रंग, शिलाई, रिक्षा मिळून अंदाजे १४ हजार, त्यातले ५ जमलेत, बाकी रोख किंवा यूपीआय, कोड ऑफिसच्या दारावर लावलाय, पावती मागून घ्या, ऑफिस संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. पैसे जमत नसतील तर वेळ द्या, अक्षर चांगलं असणारे दोघे, शिलाई मशीनवाली एक जण आणि शाळेत बोलू शकणारे चौघे हवेत, नावं येत्या रविवारपर्यंत माझ्याकडे किंवा बाईंकडे द्या, फोन केलात तरी चालेल पण दुपारी नको.

— सचिव