ज्यूरीचे बोलावणे

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्रांना उत्तर दिले नाही म्हणून हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आधी हे वाच. प्रकृती ठीक, गुडघे कुरकुरतात, चालायचेच.

मला शिकागोच्या डर्कसन इमारतीतल्या फेडरल कोर्टाचे ज्यूरीचे बोलावणे आले आहे. खटला कोणता ते तिथे गेल्यावरच कळेल, आणि बहुधा एखादा रटाळच निघेल. पण पत्ता वाचल्यापासून 2007 मध्ये तिथेच चाललेला ‘फॅमिली सीक्रेट्स’ खटला डोक्यातून जात नाही. अल कपोन या कुख्यात गुंडाच्या काळापासून शिकागोत पाय रोवून बसलेल्या ‘आउटफिट’ या माफिया टोळीवरचा तो खटला. जुगारवाल्यांकडून हप्ता आणि अडलेल्यांना जबर व्याजाने कर्ज हा त्यांचा रोजचा धंदा. शिवाय 1970 ते 1986 मधले 18 खून आरोपपत्रात होते. ज्यूरींची नावेही गुप्त ठेवली होती.

मला छळतो तो फ्रँक कॅलाब्रेझ ज्युनियर, त्या टोळीतल्या फ्रँक कॅलाब्रेझ सीनियरचा मुलगा. बापलेक एकाच तुरुंगात असताना 1998 मध्ये त्याने एफबीआयला पत्र लिहिले आणि मग अंगावर ध्वनिमुद्रक लपवून बापाला बोलते केले. पुढे बापाचा सख्खा भाऊ निकही टोळीवर उलटून सरकारी साक्षीदार झाला, कारण 1986 च्या एका खुनानंतर मागे राहिलेला रक्ताळलेला हातमोजा डीएनएने त्याचाच ठरवला. त्या पुराव्याची खबर टोळीला पुरवणारा पोलीस खात्यातलाच निघाला. (हसू नकोस, तुला कोण आठवले ते मला ठाऊक आहे.) बापाला जन्मठेप झाली आणि 2012 मध्ये तो कैदेतच मेला.

तू काकांचे नाव पोलिसांत दिलेस, त्या रात्री रघ्याच्या गच्चीवर आपण किती भांडलो! मुलाने घर सोडावे, बोलणे तोडावे, पण बापाला गप्पांत गुंतवून अडकवू नये, हे माझे मत आजही तसेच आहे. मात्र त्या पत्रावाचून कित्येक मेलेल्यांच्या घरी काहीच कळले नसते, हेही मला नाकारता येत नाही. उद्या असाच एखादा साक्षीदार समोर बसला तर? ‘निःपक्षपातीपणे निकाल द्याल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणालो तर शपथेवर खोटे. ‘नाही’ म्हणालो तर पळाला म्हणून तूच पहिला हसशील.

मालूचे लग्न ठरल्याचे वाचून आनंद झाला. जमिनीचा दावा एकदाचा मिटव. पण काका आता तुझ्याशी बोलतात की नाही, हे तू एकाही पत्रात लिहिलेले नाहीस. तेवढे आधी कळव. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे.

तुझा,
अरविंद