पहिले दोन अंक उत्तम, तिसरा उसना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोपटांच्या सिक्वेलविषयी एक लेख आला होता. पुढचा भाग म्हणजे तोच नायक, दुप्पट खर्च आणि चौपट आदळआपट, असा त्याचा एकंदर सूर होता. बहुतेक चित्रपटांच्या बाबतीत हे खरेच आहे, त्यामुळे वाद घालण्याचे कारण नव्हते. मात्र लेखकाने ज्यांना एका ओळीत निकालात काढले त्यांत ‘स्पायडरमॅन २’ही होता, आणि हे पत्र तेवढ्यापुरतेच आहे. हा चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. त्यात दोष आहेत आणि ते लहान नाहीत, पण लेखात जे दाखवले ते हे नव्हेत.

सॅम रेमी यांचा हा चित्रपट २००४च्या पावसाळ्यात आला, तेव्हा माझा मुलगा आठवीत होता आणि मी एका बँकेच्या कर्ज विभागात होतो. तो भिंतींवरून मारलेल्या उड्या पाहायला आला होता, मी केवळ सोबत म्हणून गेलो होतो. पण चित्रपट सुरू होतो तो पिझ्झाच्या डब्यांपासून. एकोणतीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याची हमी असलेल्या दुकानात पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, नोकरीला आहे. वाटेत दोन मुलांचे प्राण वाचवण्यात त्याला उशीर होतो आणि नोकरी जाते. (त्याला काढून टाकणाऱ्या दुकानदाराचे काम करणारे आसिफ मांडवी हे मूळचे मुंबईचे.) कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला पाठीवर चौकोनी पेटी घेऊन, हँडलवरच्या मोबाइलकडे बघत उभी असलेली मुले आज आपण रोज पाहतो; २००४मध्ये असे दृश्य आपल्याकडे फारसे नव्हते, म्हणून तो प्रसंग तेव्हा निव्वळ विनोदी वाटला होता. परवा नातीबरोबर पुन्हा पाहिला तेव्हा तितकासा हसलो नाही.

या चित्रपटाचे खरे बळ इथेच आहे. नायकाला छळतो तो खलनायक नव्हे, तर घरभाडे, बुडालेले तास आणि न जमलेल्या भेटी. वाढदिवसाला मे काकू त्याच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवते. तिच्याच घरावर जप्ती यायची वेळ आलेली असते, म्हणून तो नको म्हणतो. त्यावर ही शांत म्हातारी एकदम त्याच्यावर ओरडते, घे म्हणजे घे, आणि लगेच तिला रडू फुटते. देता येत नाही याचा राग ज्यांनी आपल्या घरात पाहिला आहे त्यांना रोझमेरी हॅरिस यांचा तो आवाज ओळखीचा वाटेल. पुढे खोलीवर परतताना घरमालक त्याला जिन्यातच गाठतो आणि आठवडाभरासाठी उरलेली ती नोट भाड्यापोटी काढून घेतो. त्यानंतर बँकेतला प्रसंग आहे. काकू कर्ज मागायला जाते, समोरचा तरुण अधिकारी हसतमुखाने नकार देतो, आणि खाते उघडणाऱ्यांना मिळणारा टोस्टरसुद्धा तिच्या पदरात पडत नाही. माझी उमेदीची वर्षे अशाच टेबलामागे गेली, त्यामुळे या दोन मिनिटांत एकही खोटा शब्द नाही असे मी अनुभवाने सांगू शकतो. ही पटकथा आल्व्हिन सार्जंट यांची. ‘ज्युलिया’ आणि ‘ऑर्डिनरी पीपल’ या चित्रपटांच्या लेखनासाठी त्यांना आधी दोन ऑस्कर मिळाले होते, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटले नाही.

हॉलिवूडच्या चित्रपटांना मध्यंतर नसते, आपल्याकडे ते थिएटरवाले त्यांच्या सोयीने पाडतात आणि बहुधा भलत्याच ठिकाणी पाडतात. आमच्या खेळाला मात्र पीटर आपला सूट गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा चालू लागतो नेमके तिथे दिवे लागले. हे चित्र १९६७च्या मूळ कॉमिकमधून जवळजवळ जसेच्या तसे उचललेले आहे, हे मुलाने मला समोसा खाताना सांगितले.

मारामारीविषयी एवढेच म्हणेन की ती अंगाला लागते. धावत्या उन्नत रेल्वेचा ब्रेक तुटतो तेव्हा पीटर आधी पाय रुळांवर टेकवून गाडी थांबवू पाहतो आणि ते साफ फसते. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो, ती ताणली जातात, सूट शिवणीत उसवतो, चेहरा पिळवटतो आणि गाडी अगदी टोकाशी येऊन थांबते. बेशुद्ध पडलेल्या त्याला प्रवासी डोक्यावरून हातोहात आत नेतात. मुखवटा गेलेला असतो, आणि हा तर पोरगाच आहे, असे त्यांच्या लक्षात येते. न्यूयॉर्कमधली म्हणून दाखवलेली ही दृश्ये शिकागोत चित्रित झाली, कारण मॅनहॅटनमधली थर्ड ॲव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे १९५५मध्येच बंद झाली. पण याला मी दोष मानत नाही. नळ स्टॉपपाशी उड्डाणपुलाच्याही वरून जाणाऱ्या आपल्या मेट्रोत बसलो की शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्या पाहताना हाच प्रसंग मला आठवतो.

खलनायक डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात अनेक दृश्यांत खरोखर बनवलेले होते आणि कळसूत्री बाहुल्यांसारखे माणसांकडून हलवले गेले. त्यामुळे ही भूमिका करणारे आल्फ्रेड मोलिना त्या हातांशी बोलतात ते हवेत बोलल्यासारखे वाटत नाही. २००५चे व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले ते योग्यच होते.

आता दोषांकडे येतो. तिसऱ्या अंकात कोसळणारी नाटके पुणेकर प्रेक्षकाला नवी नाहीत, आणि हा चित्रपटही तिथेच कोसळतो. दीड तास ज्याने भाडे, भूक आणि अपराधी भावना यांवर कथा पेलली, त्याला शेवटच्या अर्ध्या तासात स्वतःवर भरवसा राहत नाही आणि तो इतर चित्रपटांकडून उसनवारी करतो. पीटरचे जिच्यावर प्रेम आहे ती मेरी जेन ही रंगभूमीवर स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली मुलगी. तिला पळवून नदीकाठच्या पडक्या धक्क्यावर बांधून ठेवण्याखेरीज लेखकांना तिचे काही करता येत नाही. पहिल्या भागातही शेवटी तिला ओलीसच धरले होते. त्यात डॉक्टर ऑक्टोपसचा तो अणुसंमीलनाचा, म्हणजे अणुकेंद्रके एकत्र आणून ऊर्जा मिळवण्याचा, कृत्रिम सूर्य. डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचलेल्या वाचकाला हे विशेष खटकेल, कारण संमीलन टिकवून धरणे हीच खरी अडचण असते. परिस्थिती जराशी बिघडली की ते आपोआप थांबते. इथे मात्र ते आवरेनासे होते आणि सगळे यंत्र नदीत बुडवल्यावर निखाऱ्यासारखे विझते.

त्याहून मोठी चूक मुखवट्याची आहे. रेल्वेतल्या अनोळखी माणसांनी तो चेहरा पाहिला आणि दोन मुलांनी मुखवटा परत देऊन गप्प राहण्याचे वचन दिले, यात जी किंमत होती ती पुढे पीटरचा मित्र हॅरी याने, मग ऑक्टोपसने आणि लगोलग मेरी जेननेही तोच चेहरा पाहिल्यावर कमी होत जाते. अर्ध्या तासात इतक्यांना कळणारे गुपित दोन वर्षे कशासाठी जपले, असा प्रश्न पडतो. हॅरीचा धागा तर या चित्रपटाचा नाहीच; तो तिसऱ्या भागाची आगाऊ नोंदणी आहे. डॉक्टरच्या पत्नीचा मृत्यूही असाच घाईत उरकला आहे. त्या मृत्यूनंतरच तो माणूस बिघडतो, पण त्याच्या दुःखाला एक अख्खे दृश्यही मिळत नाही.

माझी नात तिसरीत आहे. शेवटची मारामारी चालू असताना ती उठून पाणी पिऊन आली. तिने मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितले ते वेगळेच दृश्य होते: घरमालकाची हडकुळी, अबोल मुलगी पीटरच्या दारात येते, केक आणि दूध हवे का विचारते, आणि दोघे फारसे न बोलता त्या अंधाऱ्या खोलीत बसतात, तो केक खातो आणि रिकामी बशी घेऊन ती निघून जाते. पुढे त्याने भाडे दिले का, असे नातीने मला विचारले. मी शेवटपर्यंत लक्ष ठेवून पाहिले. चित्रपटात ते कुठेच येत नाही.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
कोथरूड, पुणे