उपकरण चालवणाऱ्याचे पदही मंजूर करा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

विद्यापीठात कोट्यवधी रुपयांचे उपकरण आले की त्याच्या उद्घाटनाची बातमी छायाचित्रासह छापून येते आणि ती वाचून मलाही मनापासून आनंद होतो. मात्र तेच उपकरण पाच वर्षांनंतर चालू आहे की बंद, आणि बंद असेल तर कशामुळे, याची बातमी सहसा वाचायला मिळत नाही. महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठात प्रथिनांच्या अभ्यासाची, म्हणजेच प्रोटिओमिक्सची प्रयोगशाळा मी अकरा वर्षे सांभाळत आहे. तिथल्या अनुभवावरून एकच गोष्ट आपल्या वाचकांपुढे आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडायची आहे. आपण यंत्र मंजूर करतो, पण ते चालवणारे माणूस मंजूर करत नाही.

आमचे काम थोडक्यात सांगते. आपल्या शरीरातील जवळजवळ सर्व पेशींमध्ये जनुके तीच असतात, तरीही यकृताची पेशी मेंदूच्या पेशीहून वेगळी असते, कारण प्रत्येक ठिकाणी तयार होणारी प्रथिने आणि त्यांचे प्रमाण वेगळे असते. माणसाच्या जनुकसंचात प्रथिनांचे आराखडे असलेली जनुके सुमारे २० हजार आहेत, आणि प्रथिनांवर नंतर होणारे रासायनिक बदल धरले तर त्यांची रूपे याच्या कितीतरी पट भरतात. ही प्रथिने ओळखण्यासाठी ट्रिप्सिन या विकराने त्यांचे ठराविक ठिकाणी तुकडे करतात, ते केसाहूनही बारीक पोकळीच्या नळीतून वेगवेगळे करतात आणि विद्युतभारित फवाऱ्याच्या रूपाने मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. यंत्र त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजते आणि त्यावरून मूळ प्रथिन कोणते, याचा माग काढता येतो.

याचा सर्वसामान्यांशी काय संबंध, असे कोणी विचारले तर मी सर्पदंशाचे उदाहरण देते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे आणि त्यांत शेतात राबणारी माणसेच अधिक आहेत. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार होते, आणि त्यासाठीचे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सापाच्या विषातील प्रथिने प्रदेशागणिक बदलतात. कोकणातल्या फुरशाच्या विषात नेमकी कोणती प्रथिने किती आहेत आणि लस त्यांतल्या कोणत्या प्रथिनांना बांधून ठेवू शकते, याचे तपशीलवार उत्तर मिळवण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. आमची एक विद्यार्थिनी याच विषयावर पीएच.डी. करते आहे.

आता यंत्र चालवण्याविषयी. बटण दाबले की निकाल येतो, अशी अनेकांची समजूत असते आणि ती दुर्दैवाने काही खरेदी समित्यांमध्येही आढळते. प्रत्यक्षात ऑपरेटर सकाळी आल्यावर आधी यंत्राच्या आतील निर्वाताचे, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पोकळीचे, आकडे पाहतो, नायट्रोजनचा दाब तपासतो, पंपाचा आवाज ऐकतो आणि मगच ओळखीच्या प्रथिनाचा नमुना सोडून यंत्र कालच्याइतकेच संवेदनशील आहे ना, याची खात्री करून घेतो. बाहेरून आलेल्या नमुन्यात डिटर्जंट राहिले असेल तर ते तुकड्यांचे संकेत झाकून टाकते, यंत्र खराब करते आणि पुढच्या अनेकांच्या नमुन्यांवर पाणी फिरवते. नमुना हाताळणाऱ्याच्या त्वचेतले आणि केसांतले केराटिन हे प्रथिन तर सतत मिसळत असते. त्यामुळे कोणता नमुना घ्यायचा, कोणता परत पाठवायचा आणि विद्यार्थ्याला तो पुन्हा कसा तयार करायला सांगायचा, हे ठरवण्याची नजर ऑपरेटरकडे असावी लागते. ती पुस्तक वाचून येत नाही. माझ्या अनुभवानुसार हुशार, मेहनती पदव्युत्तर तरुणालाही ती यायला दीड ते दोन वर्षे लागतात.

नेमके याच माणसाला आमच्या व्यवस्थेत जागा नाही. तो एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या पैशांवर प्रकल्प साहाय्यक म्हणून येतो, प्रकल्पाची मुदत तीन वर्षांची असते आणि मानधन अनेकदा महिनोन्महिने रखडते. हात बसतो न बसतो तोच खासगी औषध कंपनी त्याला दुप्पट-तिप्पट पगारावर घेऊन जाते. त्याला दोष देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही, कारण त्यालाही घर चालवायचे असते. अकरा वर्षांत आमच्याकडे असे पाच ऑपरेटर झाले, म्हणजे पाच वेळा आम्ही शून्यापासून सुरुवात केली.

या रिकाम्या जागेची किंमत आम्ही एका जुलैमध्ये मोजली. शनिवारी रात्री मुसळधार पावसात वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्यांची मुदत संपली होती आणि त्या बदलण्याची फाइल पाच महिने टेबलावरून टेबलावर फिरत होती. जनित्र आपोआप सुरू व्हायला हवे होते, ते झाले नाही. आधीचा ऑपरेटर मे महिन्यात सोडून गेला होता, त्यामुळे यंत्राने पाठवलेला धोक्याचा संदेश ज्या मोबाइलवर गेला तो आता प्रयोगशाळेतल्या कोणाचाच नव्हता. सोमवारी सकाळी मी दार उघडले तेव्हा निर्वात पूर्ण गेलेला होता आणि मुख्य पंपाचे बेअरिंग निकामी झाले होते. सुटा भाग परदेशातून येऊन यंत्र पुन्हा कामाला लागेपर्यंत नऊ आठवडे गेले. चार विद्यार्थ्यांचे काम थांबले आणि त्यांपैकी एकाची शिष्यवृत्ती त्या काळातच संपली. या सगळ्यात वाईट हेतूने वागणारा कोणीही नव्हता. त्या यंत्राची काळजी घेणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, असा माणूसच विद्यापीठाच्या आस्थापनेवर नव्हता.

पैशांच्या रचनेतही हाच दोष आहे. अनुदान देणाऱ्या संस्था खरेदीसाठी रक्कम देतात, हमीचा काळ संपला की देखभालीचा भार विद्यापीठावर येतो. अशा यंत्राच्या सर्वसमावेशक देखभाल कराराला वर्षाला खरेदी किमतीच्या साधारण आठ-दहा टक्के लागतात आणि राज्य विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळे शीर्षच नसते. त्यात जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर फक्त पाच टक्के जीएसटी भरण्याची सवलत बंद झाली, त्यामुळे तेवढ्याच अनुदानात मिळणारी सामग्री आणखी घटली. बाहेरच्या वापरकर्त्यांकडून आम्ही शुल्क घेतो, पण ते विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होते आणि एक नळी विकत घ्यायची तरी पुन्हा नव्याने प्रस्ताव पाठवावा लागतो.

केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातील संशोधन उपकरणांची नोंद होते, जेणेकरून ती इतरांनाही वापरता यावीत. ही योजना मला अत्यंत योग्य वाटते. लहान गावातल्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला आपला नमुना मोठ्या केंद्रात तपासून घेता आला पाहिजे. परंतु आमच्यासारख्या ठिकाणी ऑपरेटर नसलेल्या महिन्यांत आलेल्या विनंत्यांना मला नकार कळवावा लागला आहे.

ऑपरेटर म्हणजे दुय्यम कर्मचारी, हा समजही सोडून द्यायला हवा. २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांना विभागून मिळाले, त्यांत मोठे रेणू न मोडता त्यांचे वस्तुमान मोजण्याच्या पद्धती शोधणारे जॉन फेन आणि कोइची तनाका हे दोघे होते. आज मास स्पेक्ट्रोमीटरने होणारा प्रथिनांचा अभ्यास अशाच पद्धतींवर उभा आहे. तनाका हे जपानमधील शिमाद्झू या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. धातूच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले गेल्यावर त्यांनी ते मिश्रण फेकून न देता वापरून पाहिले आणि त्यातून त्यांना मार्ग सापडला. यंत्राजवळ वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाची अशी नजर असते, आणि आपण ती दर तीन वर्षांनी हातची घालवतो.

म्हणून राज्याच्या उच्च शिक्षण विभागाला आणि अनुदान देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, ठराविक किमतीवरच्या कोणत्याही उपकरणाला मंजुरी देताना त्याच आदेशात किमान एक नियमित तांत्रिक पद, पदोन्नतीच्या संधीसह, आणि हमीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम मंजूर करावी. हे परवडत नसेल तर दोनऐवजी एकच यंत्र घ्यावे. वापरशुल्क त्या-त्या प्रयोगशाळेच्या खात्यात ठेवण्याची मुभा द्यावी आणि त्याचे लेखापरीक्षण हवे तितके काटेकोर करावे, त्याला आमची काहीच हरकत नाही.

आमच्या सध्याच्या ऑपरेटरची नेमणूक ३१ मार्चला संपते आहे. वन विभागाच्या रीतसर परवानगीने मिळालेल्या फुरशाच्या विषाचे एकेचाळीस नमुने आमच्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहेत आणि त्यांपैकी सव्वीस अजून यंत्रावर चढायचे आहेत.

आपली नम्र,
एका राज्य विद्यापीठातील प्राध्यापिका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)