मनीषाची उन्हाळी

परभणी, 18 एप्रिल

प्रिय वनू,

तुझा निरोप मिळाला. मनीषाला तिसावा आठवडा, लघवीला आग होते, घडीघडी उठावं लागतं आणि मेडिकलवाल्यानं नॉरफ्लॉक्सची पट्टी दिली. ती पट्टी बाजूला ठेव. एखादी गोळी पोटात गेली असली तरी बाळाला काही झालं असेल असं मनात आणू नकोस, फक्त पुढची देऊ नकोस. नॉरफ्लॉक्स, सिप्रो, ओफ्लॉक्स ही एकाच घराण्यातली औषधं. बाळाच्या सांध्यांतल्या कूर्चेला (मऊ हाडाला) इजा होईल अशी शंका असल्यामुळं दुसरं औषध चालत असताना ती पोटुशीला देत नाहीत.

आपल्याकडं चैत्र-वैशाखात आग झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी द्यायचं. ते पाणी दे, माझी ना नाही. पण गरोदर बाईच्या उन्हाळीत जंतू असतील हेच आधी धरायचं. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळं किडनीतून येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब, उजव्या अंगाला जास्त. लघवी तुंबून राहते आणि ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वर चढतो. काही जणींना आग नसतेच, नुसते कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, जंतू निघतात. तेही सोडून दिले तर शंभरात वीस-तीस जणींच्या किडनीपर्यंत जातात. मग थंडी वाजून ताप, वेळेआधी कळा. म्हणून मला या दुखण्याची काळजी औषधापेक्षा जास्त वाटते.

उद्या सकाळी पहिलं काम कल्चरचं, अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी. मेडिकलमधून निर्जंतुक डबी आण. मनीषानं हात धुवावेत, जागा साध्या पाण्यानं पुढून मागं धुवावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली डबीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही आणि झाकण फरशीवर ठेवायचं नाही, नाहीतर रिपोर्टात दोन-तीन जातींचे जंतू येतात आणि पुन्हा सगळं करावं लागतं. दोन तासांत लॅबला पोचव. या उन्हात डबी पिशवीत राहिली तर जंतू तिथंच वाढतात. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेव. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पण पुढच्या 9 तारखेची वाट बघू नकोस.

रिपोर्टाला दोन-तीन दिवस लागतात. त्रास असल्यानं डॉक्टर तोवर थांबत नाहीत, औषध सुरू करतात. बहुधा या तिन्हीतलं एक लिहितील. सेफॅलेक्सिन 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोन ते चार वेळा, पाच ते सात दिवस. हे नऊही महिने चालतं. फॉस्फोमायसिन 3 ग्रॅमची पुडी, एकदाच, अर्धा ग्लास थंड पाण्यात ढवळून लगेच प्यायची. रात्री रिकाम्या पोटी, लघवीला जाऊन आल्यावर, म्हणजे औषध मूत्राशयात जास्त वेळ टिकतं. तिसरं नायट्रोफ्युरॅन्टॉइन 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणासोबतच, नाहीतर मळमळ. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका.

या नायट्रोफ्युरॅन्टॉइनबद्दल मात्र नीट वाच. तिसाव्या आठवड्यात ते चालतं. अडतिसाव्यापासून पुढं नाही, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. घरात कुणाला जी-६-पी-डी ची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. आणि आग शमवायचं सायट्रेटचं सिरप यासोबत देऊ नकोस. ते लघवी अल्कधर्मी करतं आणि हे औषध काम करतं आम्लधर्मी लघवीत. त्या सिरपनं जंतू मरत नाहीत, आग तेवढी कमी होते, आणि बायकांना वाटतं बरं झालं.

सेप्ट्रान हे सल्फाचं औषधही नको: पहिल्या तीन महिन्यांत ते फॉलिक ॲसिडच्या आड येतं, शेवटी बाळाच्या काविळीची भीती. डॉक्सीसायक्लिन तर अजिबात नको, बाळाच्या दातांत-हाडांत बसतं.

थंडी वाजून ताप, कुशीत-पाठीत कळ, उलट्या, पोट घट्ट होणं किंवा बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही दिसलं की गोळ्यांवर राहू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथं शिरेतून सेफ्ट्रियाक्झोनसारखं औषध द्यावं लागतं. आग दोन दिवसांत थांबली तरी कोर्स पुरा करायचा, आणि संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर. हे बहुतेक जणी टाळतात आणि तिथंच फसतात.

बाळंतपणानंतर, विशेषतः सिझर होऊन लघवीची नळी घातली असेल तर, हे दुखणं परत येऊ शकतं. तेव्हा घरातली मोठी माणसं 'औषध चालू आहे, अंगावरचं तोडा' म्हणतील. तोडायचं नाही. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन दुधात अगदी थोडं उतरतं. बाळाला पातळ शी होईल किंवा तोंडात पांढरं येईल, तेवढं बघत राहायचं. नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि सेप्ट्रान मात्र बाळ महिन्याच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कावीळ झालेलं असेल तर नको. डॉक्टरांना बाळाचं वय स्वतःहून सांगायचं, ते दरवेळी विचारतीलच असं नाही.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. औषधांच्या नावांपुढं एस आणि आर असं असतं. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे नाही. चालू औषधापुढं आर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. मनीषाला लघवी दाबून ठेवू नको म्हणावं, आणि पाणी भरपूर.

तुझी,
शालू