खडूची रेघ

म्हार्दोळ, १० मे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. घरात एकच न्हाणीघर, संडासही त्यातच, आणि तेच फोडायचं. तेवढ्या दिवसांपुरतं भाड्याने दुसरीकडे जावं की तिथेच राहावं, असं विचारलंस. आम्ही एप्रिलमध्येच त्यातून गेलो, म्हणून सविस्तर लिहितो. राहता येतं. पण आपण घरातच असलो की कामाची घाई आपल्यालाच होते, गवंड्याला नाही. तेवढी सांभाळ.

जानेवारीत आई न्हाणीत घसरली. हाड वाचलं, पण मुका मार महिनाभर पुरला. फरशी झिजून गुळगुळीत झालेली. त्यात देवघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, हे तुला ठाऊक आहे. चिरा एकदा पाणी प्यायला की सबंध पावसाळा सोडत नाही. मागच्या दुरुस्तीच्या वेळी मीच मागे लागून दहा दिवसांचं काम पाच दिवसांत उरकून घेतलं होतं, त्याची ही ओल. या वेळी मनाशी पक्कं केलं होतं की पाऊस लागायच्या आत संपवायचं, पण पळवायचं नाही.

आंघोळीचं फारसं अडलं नाही. मागीलदारी विहिरीजवळ माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप उभे करून आडोसा केला, पाणी तापवायचं जुनं तांब्याचं भाण काढून तीन दगडांवर ठेवलं. खरी अडचण संडासाची. गवंड्याला सांगून आंघोळीची बाजू आधी फोडायला लावली, त्यामुळे पहिले सात दिवस संडास चालू राहिला. पुढचे बारा दिवस शेजारच्या काकूंकडे. त्यांनी मागच्या दाराची किल्लीच दिली. हे उपकार मी विसरणार नाही. रात्री दोन वाजता चौऱ्याहत्तर वर्षांची आई हातात बॅटरी घेऊन अंगण ओलांडते आहे आणि मी मागून चालतो आहे, हे रोजचं झालं. तुला विहीर नाही, अंगण नाही, तेव्हा शेजाऱ्यांशी आधीच बोलून वेळा ठरवून ठेव.

आता मुख्य गोष्ट. नवे पाइप टाकले, कोबा केला, मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार दिला, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. भिंतीवरही वर चढवून घेतले. ते वाळल्यावर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतून पाणी बाहेर जातं त्या प्लॅस्टिकच्या भांड्याचं, तोंड बोळा कोंबून बंद केलं, उंबऱ्याशी सिमेंटचा छोटा बांध घातला आणि तीन बोटं पाणी भरलं. अठ्ठेचाळीस तास ते तसंच ठेवायचं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला मी खडूने रेघ ओढली. शेजारी अर्धी भरलेली बादली ठेवून तिच्यातही रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली! गवंडी म्हणाला, उन्हाळा आहे, वाफ झाली असेल. पण बादलीतलं पाणी जवळजवळ रेघेलाच होतं. वाफेने गेलं असतं तर दोन्हीकडचं साधारण सारखंच उतरलं असतं. पाणी उपसून पाहिलं, तर ट्रॅपच्या कडेला, प्लॅस्टिक आणि सिमेंट जुळतात तिथे, केसाएवढी फट. टाइल बसल्यावर ती कुणाला दिसली असती?

कड फोडून पुन्हा भरायची, पुन्हा दोन हात द्यायचे, पुन्हा पाणी भरायचं. म्हणजे काम आणखी चार दिवस लांबणार. बायको रडकुंडीला आली होती. लेकीची परीक्षा चालू. मलाही वाटून गेलं की वरून थोडं सिमेंट थापावं आणि पुढे जावं. आईच म्हणाली, "इतके दिवस गेले तसे आणखी चार जातील. देवघराची भिंत परत भिजायला नको." तिलाच सगळ्यात जास्त त्रास होत होता, रे. पुढच्या वेळी दोन दिवसांनी पाणी रेघेपासून हललेलं दिसलं नाही, तेव्हा मी तिला हात धरून आत नेऊन दाखवलं.

आणखी एक. आईसाठी कमोडजवळ आणि नळाजवळ धरायच्या दांड्या लावल्या. चिरा मऊ, त्यात स्क्रू नीट धरत नाही. म्हणून टाइल लावण्याआधीच त्या जागचा चिरा कोरून तिथे काँक्रीट भरून घेतलं. तुझ्याकडच्या भिंती विटांच्या असल्या, तरी दांड्या कुठे येणार ते आधी ठरव, नंतर टाइल भोकं पाडताना तडकते. टाइल खरखरीत घे, रंगाचं नंतर बघ.

तुझ्या खाली बिऱ्हाड आहे, तेव्हा तुझी गळती त्यांच्या छतावर दिसेल. पाणी भरशील त्या दिवशी त्यांनाही सांगून ठेव, वर लक्ष ठेवतील. आणि रेघेचा फोटो मला पाठव, सकाळचा आणि संध्याकाळचा.

आई आता एकटी न्हाणीत जाते. मी बाहेर उभा राहत नाही. तिचे तुला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र