शनिवारच्या अल्सास वाइन सहलीबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी सकाळी ९ वाजता कोल्मार स्टेशनबाहेर जमायचे आहे. फ्रान्समधल्या अल्सास भागाचा वाइनमार्ग, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या गावांतून जाणारा रस्ता, मार्लेनहाइमपासून तानपर्यंत सुमारे १७० किमीचा आहे. आपण एगिसाइम आणि रिक्वीर एवढीच गावे करणार आहोत. त्याहून जास्त केली की चव घेणे राहते आणि नुसती धावपळ होते.

दुपारी १२ ते २ वाइनची बहुतेक तळघरे जेवणासाठी बंद असतात, म्हणून उशीर नको. अत्तर, सेंट लावून येऊ नये. वास घेणे हाच निम्मा कार्यक्रम आहे. चाखताना आधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रीस्लिंग वाइन, मग सुगंधी गेवुर्झट्रामिनर, आणि उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन सर्वांत शेवटी. क्रम उलटला तर रीस्लिंग नुसती आंबट लागते. घोट थुंकायला भांडे ठेवलेले असते, ते बिनदिक्कत वापरा, तिथे कोणी नावे ठेवत नाही. छोट्या मळेवाल्याकडे चव घेतल्यावर एखादी बाटली विकत घेणे बरे दिसते.

गाडी आणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे: मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलच्या आत, नवशिक्या परवान्याला ०.२. चालकांनी चाखूच नये, हे बरे. त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस मागून ठेवू. नावे गुरुवारपर्यंत कळवा.