शीड वेळेवर कमी करा

महोदय,
नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २०२४-२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याचं कौतुक झालंच. पण वाऱ्यात दोघांनीच शीड कमी करणं, म्हणजे थोडं खाली उतरवून लहान करणं, काय असतं, ते आम्हा नवरा-बायकोला मांडव्याजवळ कळलं. वारा वीस नॉटवर (ताशी सुमारे ३७ किमी) गेला तरी मी आपला ‘थोडं थांबू’ करत बसलो. शेवटी हिनं सुकाणू धरलं, मुख्य शिडाचा दोर सैल सोडला. मी सुरक्षेचा पट्टा अडकवून डोलकाठीशी गुडघे टेकले, हॅलियार्ड (शीड वर चढवणारा दोर) सोडलं, शिडाची कडी हुकात घातली. बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) वर धरणारा दोर ताणायचा विसरलो, ती धाडकन डेकवर! ओल्या दोरानं तळवाही सोलला. शिकवणाऱ्यांनी हे बंदरातच, वारा पडलेला असताना, दहादा करून घ्यावं.

– एक हौशी दर्यावर्दी, अलिबाग